माफीचा प्रसंग

माझ्या मावशीची भूमिका टेलिव्हिजनवर एक बाई करणार आहे, ही बातमी आम्हाला त्या बाईनंच आमच्या दारात उभं राहून दिली.

रविवार होता. चर्चमधून येऊन मी नुकतीच डोक्यावरची टोपी काढली होती. आमच्या टॅरंट्स बेंड गावात बसमधून उतरलेलं परकं माणूस लपत नाही, आणि ही तर करडा शहरी कोट आणि हातमोजे घालून आलेली, रंगानं मात्र आमच्यासारखीच काळी.

"मी थिओडोशिया मॅबरी," ती म्हणाली. "न्यूयॉर्कहून आले. नाटकांत काम करते. मिस ओझेला प्रुइट तुमच्या कोण?"

"मावशी. का?"

"मी त्यांचं काम करतेय. म्हणजे त्यांच्यावरून लिहिलेलं."

आमच्या लोकांना उतरायला गावात एकही हॉटेल नव्हतं, त्यामुळे ती माझ्याकडेच राहणार हे न बोलता ठरलं. मी काळ्या मुलांच्या शाळेत शिकवायचे आणि शाळेमागच्या दोन खोल्यांत एकटी राहायचे. आई मेम्फिसला होती. गावात माझं म्हणावं असं माणूस म्हणजे ओझेला मावशी. ती कॅथकार्टांच्या घरी स्वयंपाकाला होती. नदीपर्यंतची कापसाची जमीन त्यांची, सरकी काढायची गिरणी त्यांची, आणि मावशी राहायची ती झोपडीही त्यांचीच.

कॅथकार्टांचा धाकटा मुलगा वेंडेल न्यूयॉर्कला जाऊन नाटककार झाला होता. आपल्याच घरावर त्यानं नाटक लिहिलं होतं हे गावाला माहीत होतं, पण पाहिलं कुणीच नव्हतं. नाटक तिकडे खूप चाललं. त्याचा पेपरात आलेला फोटो त्याच्या आईनं, मिस लेनोरानं (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणायचे), चौकटीत घालून पियानोवर ठेवला होता. आता तेच नाटक टेलिव्हिजनवर होणार होतं आणि देशभर दिसणार होतं. तेव्हा सगळं थेट असायचं. तिकडे नट बोलला की त्याच क्षणी इकडे ऐकू यायचं, चुकलं तर पुसायची सोय नाही.

दुपारी कॅथकार्टसाहेबांकडचं जेवण उरकून मावशी आली. मी ओसरीवर दोन खुर्च्या टाकल्या. मावशीनं सोलायला वाटाण्याच्या शेंगांचं घमेलं मांडीवर घेतलं आणि पाहुणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"माझ्यासारखी दिसायला तुला बरंच खावं लागेल, पोरी."

थिओ हसली. "ते लोक कमरेला उशी बांधतात."

"उशी! ऐकलंस का गं व्हर्लीन? माझं अंग आता दुकानात मिळतं."

मग थिओनं येण्याचं कारण सांगितलं. तालमीच्या वेळी वेंडेल तिला म्हणाला होता, की ही बाई खरी आहे, अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे, शेवटचा प्रसंग तिच्यावरच उभा आहे. तिच्या मनात आलं, की खरी बाई ते शब्द कशी बोलली असेल ते ऐकावं. आवाज चढला असेल की बसला असेल, ते कळावं. म्हणून ती सुट्टी काढून, वाटेत आमच्या लोकांना कुठे खायला देत नाहीत म्हणून मधली स्टेशनं उपाशी काढत, आली होती.

"कुठले शब्द?" मावशीनं विचारलं.

थिओनं पिशवीतून कागद काढले आणि वाचायला सुरुवात केली. घरमालक मरणाला टेकलाय. खाली मुलं जमिनीवरून भांडताहेत. तो सगळ्यांना बाहेर काढतो आणि स्वयंपाकीणबाईला बोलावतो. पुराच्या वेळी त्यानं तिच्या मुलाला गुरं सोडवायला नदीत पाठवलेलं असतं, आणि मुलगा बुडालेला असतो. मालक म्हणतो, कॅली, मला माफ केलंस असं म्हण, मग मी सुखानं जाईन. बाई त्याच्या बिछान्यापाशी गुडघे टेकते, त्याचा हात हातात घेते आणि म्हणते, देवानं तुम्हाला कधीच माफ केलंय मालक, मग मी कोण? मीही केलं.

थिओ फार सुंदर वाचत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं. मावशीचे हात शेंगांत तसेच थांबले होते.

"परत वाच."

थिओनं परत वाचलं.

"हे मी म्हणते?"

"नाटकात, हो."

"नदी नव्हती," मावशी म्हणाली. "विहीर होती."

हे मला ठाऊक होतं, गावातल्या आमच्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं, पण मावशीच्या तोंडून मी ते तोवर कधी ऐकलं नव्हतं. ती शेंगा सोलता सोलताच बोलली. साहेबांच्या मुलीचं लग्न होतं. पाहुणे यायचे होते आणि अंगणातल्या विहिरीच्या पाण्याला वास येत होता. साहेब म्हणाले, उतरून गाळ काढा. म्हाताऱ्या गड्यानं आधी कंदील सोडून पाहिला, तो अर्ध्यावरच विझला. त्यानं सांगितलं, साहेब, आत वाईट हवा आहे, दोन दिवस उघडी राहू द्या. साहेब म्हणाले, दोन दिवसांत लग्न होऊन जाईल. रेफर्ड, माझा मावसभाऊ, सतरा वर्षांचा, तिथेच लाकडं फोडत होता. त्याच्याच कमरेला दोर बांधला.

"मी आत केकवर साखर चढवत होते," मावशी म्हणाली. "खिडकी विहिरीच्या बाजूला नव्हती. मला कुणी सांगितलं नाही. संध्याकाळचं जेवण वाढून झालं, ताटं उचलून झाली, मग मिस लेनोरा आत आली आणि म्हणाली, ओझेला, तू आता घरी जा, तुझ्या घरी दुःख झालंय. पोरगा दुपारपासून गिरणीच्या शेडमध्ये गोणपाटाखाली होता. मी त्याच्या शेजारून दोनदा गेले गं, बर्फ आणायला."

थिओचे कागद मांडीवरून खाली घसरले. तिनं ते उचलले नाहीत.

"आणि वेंडेल?"

"दहा वर्षांचा होता. ओसरीच्या पायरीवर बसून सगळं बघत होता. तीन दिवस तोंडातून शब्द नव्हता त्याच्या. पोर वाईट नव्हतं." मावशीनं रिकाम्या शेंगा पदरासारख्या ॲप्रनमध्ये गोळा केल्या. "पण हे मी कधीच म्हटलेलं नाही. कुणालाच नाही."

मग ती उठली. साहेबांना भरवायची वेळ झाली होती.

"तुम्ही त्यांना भरवता?" थिओनं विचारलं. "अजून?"

"अर्धांग झालंय त्यांना. जीभ गेली. दुसऱ्या कुणाच्या हातचं गिळत नाहीत, थुंकून टाकतात."

"पण तुम्ही तिथे राहिलातच का?"

मावशीनं तिच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता चांगलीच सुनावते. पण ती सावकाश म्हणाली, "माझा मुलगा त्यांच्या जमिनीत आहे. गिरणीमागे. मी गेले तर त्याच्यावर नांगर फिरेल."

दुसऱ्या दिवशी थिओ परत गेली. बसपाशी तिनं माझा हात धरला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसतंच "जपून राहा" म्हणाली.

ज्या संध्याकाळी नाटक होतं, त्या संध्याकाळी मिस लेनोराकडे निम्मं गाव लोटलं होतं. गोऱ्यांचं निम्मं. बँकवाले, पाद्री, मुलगी आणि जावई. मावशीचे गुडघे दुखत होते म्हणून मी कॉफीचे पेले उचलायला गेले होते. मिस लेनोरा फार खुशीत होती.

"ओझेला, आज तू आमच्यासोबत बसायचंस हं. तुझंही काम आहे ना यात! व्हर्लीन, तुझ्या मावशीला आतून खुर्ची आण."

मी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून दाराशी ठेवली. कॅथकार्टसाहेबांची चाकाची खुर्ची टेलिव्हिजनच्या अगदी समोर होती. मी मावशीच्या मागे उभी राहिले.

नाटक सुरू झालं आणि खोलीत हळूहळू गार वारा शिरल्यासारखं झालं. पडद्यावर यांचीच मुलं यांच्याच जमिनीसाठी एकमेकांचे लचके तोडत होती. मुलगी एकदा म्हणाली, "आई, मी असं कधी बोलले?" जावई म्हणाला, "बोललीस." पाद्री खाकरला. मिस लेनोरा म्हणत राहिली, "नाटक आहे हो, नाटकात वाढवून लिहावं लागतं."

थिओ अधूनमधून दिसायची. कमरेला उशी होतीच. दार उघडायची, दिवा लावायची, कॉफी ओतायची. "अगदी आमची ओझेला!" बँकवाल्याची बायको म्हणाली.

मग तो प्रसंग आला. बिछान्यावरचा म्हातारा नट चांगला होता, त्याच्या घशातली घरघर खरी वाटत होती. थिओ हातात वाटी घेऊन आली. तो म्हणाला, "कॅली, मला माफ केलंस असं म्हण."

इथे तिनं गुडघे टेकायचे होते. ती उभीच राहिली.

मला वाटलं, हे असंच असेल, थोडं थांबून टेकेल. नट थांबला. त्याचे डोळे क्षणभर बाजूला गेले, कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून. तो परत म्हणाला, "कॅली, म्हण ना."

थिओनं वाटी टेबलावर ठेवली. "नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता की बसलेलाही नव्हता. "नाही मालक. नदी नव्हती. विहीर होती." आणि ती चालत बाहेर गेली.

पडद्यावर रिकामं दार दिसत राहिलं. बराच वेळ दिसत राहिलं. मग मुलीचं काम करणारी नटी धावत आत आली, पुढचं कुठलंतरी वाक्य बोलली, म्हातारा घाईघाईनं मेला, आणि फ्रीजची जाहिरात लागली. एक हसरी बाई फ्रीजचं दार उघडून आतली सफरचंदं दाखवत होती.

खोलीत कुणी हललं नाही. गोऱ्यांपैकी निम्म्यांना विहिरीचं काही माहीत नव्हतं, पण ज्यांना होतं त्यांच्या तोंडावरून बाकीच्यांना कळलं. कॅथकार्टसाहेबांच्या घशातून एक आवाज यायला लागला, कुत्रं दाराबाहेर राहिलं की करतं तसा. त्यांची लाळ हनुवटीवरून छातीवर आली होती. मिस लेनोराची मान वळली नाही. मुलगी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. शेवटी माझी मावशीच उठली, गुडघ्यावर हात ठेवत त्यांच्यापाशी गेली आणि तिनं त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. ती तशीच उभी राहिली. मग दुसऱ्या हातानं तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

टेलिफोन वाजला. वेंडेल होता. तो इतका ओरडत होता, की आम्हाला शब्द कळत नसले तरी आवाज ऐकू येत होता. मिस लेनोरा ऐकत राहिली.

"इथे आली होती?" तिनं विचारलं. "कुणाकडे?" मग रिसीव्हर कानाला तसाच धरून तिनं माझ्याकडे पाहिलं.

पाहुणे भराभर कोट घालून निघून गेले. मिस लेनोरा मावशीसमोर येऊन उभी राहिली. ती रडत होती, तेही खोटं नव्हतं.

"इतकी वर्षं, ओझेला. माझी मुलं तुझ्या मांडीवर वाढली. तुला जर काही म्हणायचं होतं, तर माझ्याजवळ म्हणायचं होतंस. सगळ्या देशासमोर?"

"मी काहीच म्हटलं नाही, मिस लेनोरा."

"त्या बाईला शिकवलंस तू."

"तिनं विचारलं. मी सांगितलं."

"उद्या सकाळी झोपडी रिकामी कर."

मावशीनं ॲप्रन सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला. दारातून ती एकदाच मागे वळली. "साहेबांच्या कण्या पातळ करा," ती म्हणाली. "घट्ट झाल्या की ठसका लागतो."

सकाळी आमच्या चर्चचं काम बघणाऱ्या डीकन टॉलबर्टनं आपला ट्रक आणला. मावशीचं सामान अर्ध्या ट्रकातही भरलं नाही. निघताना ती गिरणीमागे गेली आणि बराच वेळ आली नाही, म्हणून मी बघायला गेले. रेफर्डच्या जागेवर खुणेला एक लोखंडी नळी रोवलेली होती. मावशी ती उपटायला बघत होती, बरोबर न्यायला. निघत नव्हती. मीही हात लावला. नाही निघाली. आठवड्याभरात शाळेनं मलाही कळवलं, की पुढच्या वर्षी माझी गरज नाही.

मेम्फिसला आईच्या घरी आम्ही तिघी राहिलो. मावशी एका हॉस्पिटलच्या भटारखान्यात लागली आणि मला मुलांना गाणं शिकवायच्या शिकवण्या मिळाल्या. नाताळच्या आधी कॅथकार्टसाहेब वारले. मिस लेनोरानं निरोप पाठवला, की ओझेलानं अंत्यविधीला यावं, घरच्यांच्या रांगेत बसावं. मावशी त्या दिवशी नेहमीसारखी कामावर गेली.

नांगर फिरल्याचं आम्हाला डीकनकडून कळलं. पुढच्या उन्हाळ्यात गिरणीमागे कापूस लावला होता.

त्यानंतर काही दिवसांनी, डीकनकडून आमची हकीकत आणि पत्ता मिळवून, थिओ आली. मला ती लगेच ओळखू आली नाही. कोट तोच होता, पण हातमोजे नव्हते आणि हात सोलवटलेले होते. त्या संध्याकाळनंतर तिला कुणी काम दिलं नव्हतं, रंगभूमीवर नाही, टेलिव्हिजनवर नाही. जी आयत्या वेळी वाक्य बदलते तिच्यावर कोण भरवसा ठेवणार? ती आता फिलाडेल्फियात लॉन्ड्रीत कपड्यांना इस्त्री करत होती.

मावशी स्वयंपाकघरात पीच सोलत होती. सुरी खाली न ठेवता म्हणाली, "बस."

थिओ बसली नाही. "मला वाटलं, मी तुमच्यासाठी केलं," ती म्हणाली. "इकडे यायला गाडीत बसल्यावर कळायला लागलं. घर गेलं तुमचं. व्हर्लीनची शाळा गेली. मी माफी मागायला आलेय."

मावशी हसली. कसलं हसू होतं ते मला सांगता येणार नाही.

"तू? जरा थांब, मला बघू दे तुझ्याकडे. माझ्याकडे माफी मागायला आलेलं तू पहिलंच माणूस आहेस."

"मिस ओझेला..."

"वेंडेलनं माझ्या तोंडात 'हो' घातलं. तू 'नाही' घातलंस. तुझं 'नाही' मला जास्त आवडलं, खोटं कशाला बोलू? त्या खोलीत बसून ऐकताना माझ्या पाठीचा कणा सरळ झाला. पण विचारलं मला कुणीच नाही. तू व्हर्लीनच्या ओसरीवर माझ्यासमोर बसली होतीस, मला शेंगा सोलताना बघत होतीस. एवढं विचारता आलं नसतं, की मिस ओझेला, असं केलं तर तुमचं काय होईल?"

थिओ मान खाली घालून उभी होती. "विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"नको म्हटलं असतं. माझा मुलगा तिथे होता."

आईनं चुलीपाशून माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं, आवर तिला म्हणून. मी नाही आवरलं.

"आणि त्यांनी मागितली असती तर?" थिओनं विचारलं. "कॅथकार्टनं. खरोखर मागितली असती तर?"

मावशीनं पीच खाली ठेवला. "तोंडात जीभ होती तेव्हा वीस वर्षं होती त्यांच्याकडे. रोज सकाळी मी कॉफी पुढे ठेवायचे. मला वाटायचं, आज म्हणतील. मी मनात दोन्ही उत्तरं तयार ठेवली होती, 'हो'ही आणि 'नाही'ही. कुठलं बाहेर आलं असतं, मलाच बघायचं होतं गं." तिचा आवाज तिथे फाटला. मी तिला रडताना त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "तेवढं एक माझं होतं."

थिओ खाली फरशीवरच बसली. कुणी कुणाला हात लावला नाही. आईनं उकळतं पाणी चुलीवरून उतरवलं.

बऱ्याच वेळानं मावशीनं नाक पुसलं. "मला आत्ता काही म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "पण तू आल्येस ते आल्येस. दुसरी सुरी तिथे खणात आहे."

थिओ रात्रीच्या गाडीनं परत जाणार होती, ती नाही गेली. तीन दिवस राहिली. दोघी मिळून पीच बरण्यांत भरत बसायच्या आणि मावशी तिला रेफर्डबद्दल सांगायची. तो दुधावरची साय चोरायचा, शिट्टीत त्याला चर्चमधली सगळी गाणी यायची पण शब्द एकाचेही नाही, एकदा खेचरावरून पडून दात पाडून घेतला आणि आठवडाभर हसला नाही. थिओ ऐकायची आणि मध्ये बोलायची नाही.

त्यानंतर ती दर उन्हाळ्यात यायची, मावशी होती तोवर. एक वर्ष येता आलं नाही तेव्हा मावशी दोन दिवस चिडचिड करत होती, बरण्यांची झाकणं आपटत होती. माफ केलं असं ती कधी म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. मावशी गेल्यावर आमच्या पाद्र्यांनी थिओला सांगितलं, तू नटी आहेस, तुझा आवाज चांगला, चार शब्द तू बोल. थिओ उठून पुढे गेली. ओझेला प्रुइट, रेफर्डची आई, एवढंच म्हणाली आणि जागेवर येऊन बसली.